चहा ठेवायला आत

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की लालबागच्या कमलने एका भल्या माणसाची बदनामी केली. भला माणूस! डोंबलाचा भला माणूस.

आमचा एक ग्रुप आहे, 'गुलाबवेडे' नावाचा. दादर, परळ, माहीम, गिरगाव इथली घरात गुलाब लावणारी माणसं. कुणाकडे गच्ची, कुणाकडे गॅलरी, कुणाकडे नुसती खिडकीची जाळी. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच दळण. कुणाला जर्मन कोर्डेसचे गुलाब हवेत, कुणी इंग्लंडच्या ऑस्टिनच्या नावाने रडतंय की तिकडे वाडग्याएवढं येणारं फूल इथे बोराएवढं का येतं. अहो, तिकडच्या थंडीतली ती जात, तिला परळचा मे महिना दाखवल्यावर ती दुसरं काय करणार! मी सरळ लिहिते, इथल्या उन्हात टिकणारा ग्लॅडिएटर गुलाब लावा आणि गप्प बसा. मग माझ्या नावाने दोन दिवस हसणारे पिवळे चेहरे येत राहतात.

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी आम्ही जमतो, आणि तिथे आमची एक रीत आहे. कुणाकडे काडी मागायची नाही. काडी म्हणजे कलमासाठी कापलेली फांदी, पेन्सिलीएवढी. मागितलेली काडी लागत नाही असं आमच्यात मानतात. मग पाहुण्याने काय करायचं? झाडासमोर उभं राहून म्हणायचं, 'वा, काय रंग आहे.' दोनदा म्हणाला की घरच्या माणसाने समजायचं आणि म्हणायचं, 'बसा हं, मी चहा ठेवते.' आत जाऊन भांडी जरा जास्तच वाजवायची. तेवढ्यात पाहुणा खिशातली कात्री काढतो, काडी कापतो, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकतो. चहा येतो. काडीचा विषय कुणी काढत नाही, आभार तर मुळीच मानत नाही. ती काडी लागली, फुलली, की मग ग्रुपवर फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'कमलकडची' किंवा 'ग्रेगरीकडची'. आमचा सगळा प्रामाणिकपणा तेवढ्या एका ओळीत.

हे सगळं मला ग्रेगरीने शिकवलं. ग्रेगरी माहीमचा, जुन्या घरात राहतो, पुढे अंगण, मागे विहीर. बँकेतून रिटायर झालेला, एकटा. आमची ओळख दादरच्या फूलबाजाराजवळ झाली, शेणखताच्या गोणीवरून भांडताना. तो मला 'कमल बाय' म्हणतो. पहिल्या दिवशीच त्याने काडी हातात धरून दाखवलं, 'हे बघ बाय, पानाच्या बगलेत हा फुगलेला ठिपका. हा डोळा. याच्यातून झाड फुटतं. काडीला डोळा नसेल तर ते नुसतं लाकूड, कितीही पाणी घाल.' त्या दिवसापासून मी काडीकडे बघते ती डोळ्यासाठीच.

आता ओवीचं सांगते. ओवी माझी मुलगी. एकुलती. कॉलेज संपवून नुकती कामाला लागली होती. तिला गुलाबांचं वेड नव्हतं, ती मला चिडवायची, 'आई, तू पप्पांपेक्षा कुंड्यांशी जास्त बोलतेस.' पण ग्रेगरीने एकदा सांगितलं की दोन गुलाबांचा संकर करून नवीन गुलाब काढता येतो, जगात कुणाकडेच नसलेला, आणि काढणारा त्याला हवं ते नाव देतो. झालं. पोरीच्या डोक्यात भूत शिरलं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी चाळीच्या गॅलरीत बसली. माझ्या ग्लॅडिएटरची अर्धी उमललेली कळी घेतली, पाकळ्या काढल्या, भुवया कोरायच्या चिमट्याने आतले पुंकेसर एकेक उपटले. ग्रेगरीच्या विहिरीजवळ एक जुना, फिकट, बिननावाचा गुलाबाचा वेल आहे, वासाला असा की गल्लीच्या तोंडाशी कळावं. त्याचे पराग बाटलीच्या झाकणात आणले होते. ते आपल्या आयलायनरच्या ब्रशने लावले. वर चहाच्या पुडीचा कागद बांधला. आणि मला म्हणते, 'हात लावलास तर बघ. याचं नाव मी ठेवणार.'

नाव काय ते सांगितलं नाही. डिसेंबरात डेंग्यू झाला. चार दिवसांत खेळ आटोपला. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा गॅलरीत त्या कागदाखाली धरलेलं बियांचं बोंड अजून हिरवं होतं.

पुढचं मी केलं. बोंड पिकून नारिंगी होईपर्यंत त्याच्यावर पाखरू बसू दिलं नाही. बिया काढल्या, ओल्या कापसात फ्रीजमध्ये ठेवल्या, भाजीच्या डब्यामागे. आमचे हे, म्हणजे लवू, गिरणी बंद पडल्यापासून कशात लक्ष घालणारा माणूस नव्हे, पण रोज फ्रीज उघडून विचारायचे, 'गे, काय झाला काय?' बऱ्याच बिया कुजल्या. एक रोप जगलं. पहिलं फूल आलं तेव्हा फिकट गुलाबी, कडेला गडद, आणि वास थेट ग्रेगरीच्या विहिरीचा. लवू खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि पोरीला मारायचे तशीच हाक मारली, 'ओवी गो.' तेच नाव झालं. वेगळं ठेवायला बसावं लागलं नाही.

माणूस गेलं की त्याचं नाव घेणारे हळूहळू कमी होत जातात. नातेवाईक मुद्दाम टाळतात, आईला त्रास नको म्हणून. पण गुलाबवाले कसे बोलतात ठाऊक आहे? 'आज माझी मृणालिनी फुलली.' 'डबल डिलाइटला पाणी घातलं का?' झाडाचं नाव दिवसभर तोंडात. मला वाटलं, माझ्या पोरीची काडी गिरगावात जाईल, दादरला जाईल, परक्या घरातली माणसं सकाळी उठून म्हणतील, 'ओवीला कळी आलीय.' मला एवढंच हवं होतं. नुसती हाक.

म्हणून मी सगळ्यांना घरी बोलावलं.

त्यात विनीत आला. दादरच्या हिंदू कॉलनीतला दातांचा डॉक्टर, ग्रुपचा अ‍ॅडमिन, बोलणं असं गोड की दात किडावेत. दोन मजल्यांवर गच्ची, माळी, ठिबक सिंचन, सगळा थाट. ओवीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, 'वा, काय रंग आहे, कमलताई.' मी सांगितलं, हिचं नाव ओवी. ही माझ्या मुलीने केली, ती आता नाही. त्याने डोळे मिटून मान हलवली. मग पुन्हा म्हणाला, 'वा, काय रंग आहे.'

ग्रेगरी माझ्या कानाशी आला. 'कमल बाय, आज तू चाय नको ठेवू.'

'का रे?'

'झाड लहान आहे. थोडं वाढू दे. आणि हा माणूस मला बरोबर नाय वाटत.'

मी म्हटलं, 'हट्, तुला सगळेच चोर दिसतात.' आणि आत गेले. भांडी वाजवली. तुम्हाला खरं सांगते, मला आनंद झाला होता. मी दुधाच्या पातेल्यावर चमचा आपटत उभी होते आणि मनात म्हणत होते, जा बाई, जा दादरला.

त्या दिवशी काडी फक्त विनीतने नेली. बाकीच्यांनी लहान झाडाला हात लावला नाही. ग्रेगरीनेही नाही. मी नंतर त्याला झापलं, तू का नाही कापलीस? तो म्हणाला, 'पोरीची पहिली फांदी, बाय. माझ्याच्याने नाय होत.' भला माणूस म्हणतात तो हा. आणि त्याच्या त्या भलेपणानेच माझा घात केला, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

पुढे आमची चाळ पुनर्विकासाला गेली. सामान बांधताना लवू म्हणाले, 'कपाट ऱ्हवांदे. आधी ओवीक घे.' टेम्पोत मी तिला मांडीत धरून बसले. भाड्याची खोली मिळाली शिवडीला, तळमजला, पुढे गोदाम, दिवसभर ट्रक. ऊन कसलं ते नाही, वर धूळ. पानं पुसून पुसून माझी बोटं काळी झाली. मग ओवी शेंड्याकडून वाळायला लागली. गुलाबाचं हे असंच, वरून काळं पडतं आणि खाली सरकत येतं. काळं दिसलं की हिरव्यापर्यंत छाटायचं. मी छाटलं. पुन्हा काळं. पुन्हा छाटलं. काड्या करून लावल्या, त्या कुजल्या. ग्रेगरीच्या अंगणात नेऊन ठेवली, पण तोवर मुळाशी पोचलं होतं. शेवटी मातीलगत कात्री लावली तेव्हा आतही तपकिरी निघालं. ग्रेगरी बाजूला उभा राहून नाक पुसत होता. मी त्याला म्हटलं, रडतोस काय, विनीतकडे आहे ना! एक फोन केला की झालं.

फोन उचलला नाही. मेसेजवर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मी समजले, बिझी असेल. दात काढत असेल कुणाचे.

आणि या जानेवारीत दादरच्या एका हॉलमध्ये गुलाब प्रदर्शन भरलं. ग्रेगरी आणि मी गेलो. 'नवीन वाण' असं लिहिलेल्या टेबलावर पहिल्या नंबरची रिबन लावलेली बाटली, आणि तिच्यात माझी पोर. फिकट गुलाबी, कडेला गडद. वास घ्यायला वाकायचीही गरज नव्हती. खाली कार्ड. 'इरावती. संकरकार डॉ. विनीत.' इरावती म्हणजे त्याची आई. ती बाजूलाच खुर्चीत शाल घेऊन बसलेली, लोक तिच्या पाया पडत होते. ती बिचारी नव्वदीची, तिला काय ठाऊक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रेगरीने माझा दंड पकडला नसता तर ती बाटली मी त्या डॉक्टरच्या डोक्यावर फोडली असती. मी जोरात म्हटलं, 'विनीत, ही ओवी आहे.' तो हसला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर दोन्ही हात जोडून म्हणाला, 'कमलताई, तुमच्या भावना मी समजू शकतो.' आणि बाजूच्या कुणाला तरी हळूच, 'त्यांची मुलगी गेली हो.' झालं. सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागले. मी खोटी नाही, नुसती दुःखाने भ्रमलेली, असं ठरवून टाकलं मेल्याने एका वाक्यात.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं, चिमटा, ब्रश, विहिरीजवळचा वेल. त्याचं उत्तर आलं, अगदी सभ्य. 'ताई, तुमच्याकडे मूळ झाड आहे का? शेजारी ठेवून बघू.' झाड कुठून आणू? फोटो होता, लवूंच्या जुन्या मोबाइलवर काढलेला, धुरकट. त्यावर तो म्हणाला, 'अशी फिकट गुलाबी फुलं बरीच असतात.' ग्रेगरीने लिहिलं की मी साक्षीदार आहे. तर एक जण म्हणतो, 'ग्रेगरी सर, तुम्ही काडी कापताना पाहिली का?' कसा पाहणार? आमच्यात काडी कापताना बघायचं नसतंच! सगळे माना वळवतात, हीच रीत. मग एक बाई शहाणपणाने लिहून गेली, 'काड्या तर आपण सगळेच नेतो, त्याचा एवढा बाऊ का?' वीसेक जणांचे जोडलेले हात. शांती राखा, शांती राखा. याच माणसांना मी वर्षानुवर्षं आत जाऊन भांडी वाजवून दाखवली होती.

मी आठवडाभर नीट जेवले नाही. मग एका सकाळी लवू म्हणाले, 'नाव ऱ्हवांदे त्याच्याकडे. झाड तरी आपल्या घराक येऊंदे. आपण ओवीच म्हणू.' नवऱ्याचं ऐकायची मला सवय नाही, पण हे पटलं. नाव गेलं तर गेलं. एक काडी हवी. एका डोळ्यापुरती.

पुढच्या रविवारी विनीतने सगळ्यांना गच्ची बघायला बोलावलं होतं. मी गेले. नवीन साडी नेसले, पर्समध्ये कात्री आणि ओलं फडकं घेतलं. ग्रेगरी बरोबर होता. लोक मला बघून जरा चपापले, मग हसले, चला, भांडण मिटलं एकदाचं. गच्चीच्या एका बाजूला रांगच होती तिची. कुंड्याच कुंड्या. लाल मातीत, भरपूर उन्हात, अशा धष्टपुष्ट फांद्या की माझ्या घरी तिला कधी फुटल्या नाहीत. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पोर चांगल्या घरी पडली असं वाटलं क्षणभर.

मी तिच्यासमोर उभी राहिले. विनीत वेताच्या खुर्चीत बसला होता, पायावर पाय टाकून. मी म्हटलं, 'वा, काय रंग आहे.'

तो म्हणाला, 'थँक्यू ताई.'

मी पुन्हा म्हटलं, 'वा, काय रंग आहे, विनीत.'

रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. त्याची बायको मेघना चांगली बाई आहे, ती लगेच उठली, 'बसा हं, मी चहा ठेवते.' आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, 'तुम्ही पण या जरा आत, कप काढायला.' तिने एवढंही केलं. तो हलला नाही. म्हणाला, 'तू बस गं. गंगुबाई आणतील.' गंगुबाई म्हणजे त्यांच्याकडे कामाला असलेल्या बाई. त्या चहा घेऊन आल्या. सगळ्यांनी चहा घेतला. बिस्किटं खाल्ली. तो माझ्याकडे बघत बसून राहिला.

पर्समध्ये माझा हात कात्रीवर होता. ग्रेगरी हळूच म्हणाला, 'काप, बाय. मी बघून घेतो.' पण मी कापली असती तर त्याच्या देखत कापली असती, आणि मग चोर कोण ठरलं असतं? तो त्याचीच वाट बघत होता. त्याच्या मोबाइलचा कॅमेरा मांडीवर तयार होता.

म्हणून मी जे आमच्यात कुणी करत नाही ते केलं. मी मागितली. उभ्या जन्मात कुणापुढे हात न पसरणारी मी, साठी ओलांडलेली बाई, माझ्याहून लहान माणसाला म्हटलं, 'विनीत, एक काडी दे. नाव तुझंच राहू दे. मी कुणाला काही बोलणार नाही. माझ्याकडे तिचं काही उरलेलं नाही रे.'

तो पटकन उठला. खांद्यावर हात ठेवला माझ्या. 'ताई, असं काय बोलता! पण एका नर्सरीशी बोलणी चाललीयत, तोवर काडी कुणालाच देता येत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे रोपं येतील, तुम्हाला मी सवलतीत मिळवून देईन. आज मात्र तुम्हाला असं रिकाम्या हाताने पाठवणार नाही.' आणि खिशातली कात्री काढून त्याने सगळ्यांत मोठं फूल कापलं. मला वाकून दिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मेघना तेवढी मान खाली घालून बसली होती.

मी देठाकडे बघितलं. गुलाबाच्या फुलाखाली थोडा नागडा देठ असतो, मग पहिलं पान येतं, आणि त्याच्या बगलेत पहिला डोळा. माळीसुद्धा फूल कापताना दोन-तीन पानं घेऊन कापतो. विनीतने त्या पहिल्या पानाच्या वरून कापलं होतं. अगदी मोजून. डोळा खाली झाडावरच राहिला होता, टपोरा, लाल. मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता, आणि मला काय दिसलं ते त्याला कळलं होतं.

ग्रेगरीने रस्त्यावर येईपर्यंत दम धरला, मग त्याच्या भाषेत ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. म्हणाला, 'मी तेव्हाच एक काडी घेतली असती तर...' मी म्हटलं, 'हो, घ्यायला हवी होतीस.' त्याला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले नाही.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर फोटो आला होता. मी फूल घेतेय, तो वाकून देतोय. 'कमलताईंना इरावती भेट.' खाली नुसती लाल बदामांची रांग. इरावती किती गोड, इरावतीचा वास काय असेल, डॉक्टर तुमचं मन मोठं.

लवूंनी दाराशीच विचारलं, 'दिल्यान?'

'फूल दिलं.'

त्यांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं. 'ओवीचोच वास हा गे,' म्हणाले. मग देठ उलटा करून बघितला. इतकी वर्षं माझं ऐकून ऐकून त्यांनाही कळतं. पाण्याचा ग्लास आणायला आत गेले आणि आत खूप वेळ भांडी वाजत राहिली.

पाकळ्या गळल्या तेव्हा मी त्या पोरीच्या फोटोखाली ठेवल्या. देठ टाकवला नाही. तिच्याच जुन्या कुंडीत खोचलाय. लागणार नाही, मला काय कळत नाही होय? डोळा नाही, त्यात पुन्हा मागून आणलेला. तरी रोज सकाळी पाणी घालते आणि मोठ्याने हाक मारते, ओवी, ए ओवी. पलीकडच्या खोलीतली नवीन भाडेकरीण परवा विचारत होती, 'काकू, तुमची मुलगी उशिरा उठते का हो?'

मी म्हटलं, हो.